सहीनंतरचे काम

मत्तय 21:28-31 मधील दोघा मुलांपैकी एकाने होकार दिला, पण तो द्राक्षमळ्यात गेला नाही. हा पाठ घेताना आम्हांस रेव्ह. लिऑन सलिव्हन आठवतात. फिलाडेल्फियाचे बाप्टिस्ट पाळक, शिवाय 1971 पासून जनरल मोटर्सचे संचालक. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे राज्य होते. 1977 साली त्यांनी तेथील अमेरिकन कंपन्यांपुढे नियम ठेवले: काळ्या-गोऱ्यांना एकत्र जेवणघर, समान कामास समान वेतन. प्रथम 12 कंपन्यांनी सह्या केल्या, पुढे शंभरावर. पण कारखान्याच्या फाटकाबाहेर काळ्या मजुराला मताचा अधिकार नव्हताच. सही ही कित्येकांची ढाल झाली, असे आम्हांस वाटते. 1987 मध्ये सलिव्हन यांनीच आपले नियम अपुरे पडल्याचे सांगून कंपन्यांना तो देश सोडण्यास सांगितले. संडेस्कूलच्या शिक्षकांनी विचारावे: या कंपन्या कोणत्या मुलासारख्या? वर्गात मतभेद झाले तर होऊ द्यावेत.