एकच समुद्र, दोन देश

अभ्यासपाठ
वाचन : मत्तय ७:२४–२७, लूक १०:२५–३७



खडकावर आणि वाळूवर बांधलेल्या घरांचा दाखला आपण लहानपणी शब्बाथ शाळेत शिकलो. वाळूवर घर बांधणारा मूर्ख, हे आपल्याला पाठ आहे. प्रभूने हा दाखला त्याची वचने ऐकून त्याप्रमाणे वागणाऱ्यांविषयी आणि न वागणाऱ्यांविषयी सांगितला. पण आपण नकळत तो गरिबांना लावतो. ज्याचे घर पडले त्याचेच काहीतरी चुकले असणार, असे मनात येते. हा विचार तपासून पाहण्यासाठी या पाठात दोन देशांकडे पाहू. दोन्ही देश समुद्राच्या पातळीलगत आहेत. एक युरोपातला श्रीमंत देश नेदरलँड्स, ज्याला आपण हॉलंड म्हणतो. दुसरा प्रशांत महासागरातला बेटांचा देश किरिबास.

नेदरलँड्स

या देशाची सुमारे एक चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. म्हणजे दाखल्याच्या हिशेबाने त्यांचे घर वाळूपेक्षाही वाईट जागी आहे. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री वादळ आले, बांध फुटले आणि १,८३६ माणसे बुडून मेली. त्यानंतर देशाने ठरवले की असे पुन्हा होऊ द्यायचे नाही. खाड्यांच्या तोंडांवर बांध आणि प्रचंड दरवाजे उभारले गेले. हे काम चाळीस वर्षांहून अधिक काळ चालले. रॉटरडॅमजवळचा मोठा दरवाजा १९९७ साली पुरा झाला. एरवी तो जहाजांसाठी उघडा असतो आणि वादळाचा धोका असेल तेव्हा बंद होतो.

यामागे पैसा आहेच. शतकानुशतकांचा सागरी व्यापार आणि वसाहतींतून आलेली संपत्ती त्यात आहे. आपल्या वेंगुर्ल्याची डच वखार त्याच व्यापाराची खूण. पण आणखी एक गोष्ट आहे. तेराव्या शतकापासून तिथे पाण्याची मंडळे आहेत. बांध सांभाळणे आणि पाणी उपसणे हे त्यांचे काम. त्यांच्या निवडणुका होतात आणि लोक त्यांना वेगळा कर देतात. शेजाऱ्याच्या शेताजवळचा बांध फुटला तर आपलेही शेत बुडेल, हे तिथल्या शेतकऱ्याला फार पूर्वी कळले होते.

किरिबास

या देशात ३३ बेटे आहेत आणि लोकसंख्या सुमारे सव्वा लाख आहे. सगळी जमीन एकत्र केली तर सुमारे ८११ चौरस किलोमीटर भरते. पण बेटे इतकी विखुरलेली आहेत की राजधानी तारावापासून किरितिमाती बेट तीन हजार किलोमीटरहून दूर आहे. आपल्याकडे काश्मीर ते कन्याकुमारी म्हणतो, साधारण तितके. बाहेरच्या बेटावर बाळंतीण अडली तर मोठ्या दवाखान्यात पोहोचायला बोट किंवा छोटे विमान मिळावे लागते, आणि हवामानही साथ द्यावे लागते.

बहुतेक बेटे प्रवाळाची अरुंद पट्टी आहेत, समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच. एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. नदी नाही, डोंगर नाही. वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर साठतो आणि विहिरींना तेच पाणी येते. मोठ्या भरतीला खारे पाणी विहिरीत शिरते. बाबाई नावाचे अळूसारखे कंद जमिनीत खड्डे करून वाढवतात. तिथे खार चढला की पीक मरते. देशाची मोठी कमाई परदेशी जहाजांना ट्यूना माशांच्या मासेमारीसाठी दिलेल्या परवान्यांतून होते.

नेदरलँड्समध्ये माणूस सरासरी ८२ वर्षांच्या आसपास जगतो. किरिबासमध्ये ही सरासरी सत्तरीच्या आत आहे. तिथले दरडोई उत्पन्न नेदरलँड्सच्या दहाव्या भागाइतकेही नाही.

हा फरक कशामुळे?

किरिबासचे लोक आळशी म्हणून गरीब राहिले, असे म्हणता येणार नाही. त्यांच्या बनाबा बेटाची गोष्ट पाहा. या देशातले हे एकच खरे उंच बेट. तिथे खतासाठी लागणारे फॉस्फेट सापडले. १९०० पासून १९७९ पर्यंत ते खणून परदेशांत नेले गेले आणि त्यावर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडची शेते पिकली. बेटाचा बहुतेक भाग खडकांचे सुळके उरेपर्यंत खरवडला गेला. १९४५ साली बनाबाच्या लोकांना फिजीतल्या राबी बेटावर हलवण्यात आले. त्यांच्यापाशी खडक होता, तो दुसऱ्यांनी नेला.

दुसरे कारण आजचे आहे. समुद्राची पातळी वाढते आहे ती मुख्यतः कोळसा आणि तेल जाळल्यामुळे तापलेल्या हवेने. नेदरलँड्सच्या एका माणसामागे वर्षाला सात-आठ टन कार्बन वायू हवेत जातो. किरिबासच्या माणसामागे एक टनही जात नाही. ज्याने कमी जाळले त्याच्या विहिरीत आधी खारे पाणी शिरते.

२०१४ साली किरिबासच्या सरकारने फिजीमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या मालकीची सुमारे २० चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली. जायची वेळ आलीच तर लोकांनी निर्वासित म्हणून नव्हे, मानाने जावे, असे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष आनोते तोंग म्हणत. नंतरच्या सरकारने बेटांवरच टिकून राहण्यावर भर दिला. जावे की राहावे, हे त्या लोकांनीच ठरवायचे आहे.

कोणापाशी काय आहे?

किरिबासच्या गावात मानेआबा नावाचे मोठे छपराचे सभागृह असते. गावाचे निर्णय, सण, दुःख, सगळे तिथे. नातलगाने काही मागितले तर नाही म्हणणे तिथे लाजिरवाणे समजतात. या रिवाजाला बुबुती म्हणतात. त्यामुळे कोणी उपाशी राहत नाही, आणि कोणाला फारसे साठवताही येत नाही. नेदरलँड्समध्ये म्हातारपणी पेन्शन आणि औषधपाणी मिळते, पण तीनपैकी एकाहून अधिक घरांत माणूस एकटाच राहतो. म्हणून गरिबी चांगली, असे कोणी म्हणू नये. खारे पाणी पिणाऱ्या लेकराला मानेआबा पुरत नाही. पण मदत करायला जाणाऱ्याने तिथे आधीपासून काय आहे तेही पाहावे.

आपला धागा

किरिबासशी आपले एक जुने नाते आहे. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि ज्याचे काम पुढे अहमदनगरला वाढले, त्याच बोर्डाने १८५७ साली हायरम बिंगम (धाकटे) यांना या बेटांवर पाठवले. त्यांनी पवित्र शास्त्राचे तिथल्या भाषेत भाषांतर केले. त्यांना नेणारे ‘मॉर्निंग स्टार’ जहाज शब्बाथ शाळेतल्या मुलांनी जमवलेल्या नाण्यांतून बांधले होते. लहान देणग्यांचे मोल आपण यावरून समजावे. आणि हेही ध्यानात ठेवावे की पुढे त्याच समुद्रातून दुसरी जहाजे आली आणि बेट भरून घेऊन गेली.

आपल्या आदिवासी भावंडांचीही गोष्ट पुष्कळदा अशीच आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांची ३३ गावे बाधित झाली. तिथल्या माणसांना आज आपण गरजू म्हणतो. काल त्यांच्यापाशी नदी, जंगल आणि शेत होते. पाड्यावर जाताना, किंवा देणगीचे पाकीट भरताना, आपण “बिचारे” हा शब्द जरा आवरावा आणि आधी विचारावे : तुमचे काय गेले? तुमच्यापाशी काय आहे? तुम्हाला काय हवे? दाखल्यातला शोमरोनी जखमी माणसाची चूक शोधत बसला नाही. त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवले आणि खर्चाची जबाबदारीही घेतली.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या ओळखीच्या एखाद्या गरीब कुटुंबाचे ‘वाळूवरचे घर’ त्यांनी निवडले होते, की त्यांच्या वाट्याला आले होते?

२. पाण्याच्या मंडळांसारखे, सगळ्यांनी मिळून सांभाळावे असे आपल्या गावात किंवा मंडळीत काय आहे?

३. आपल्या सोयींची किंमत दुसरे कोणी मोजत आहे का? त्यातली कोणती सोय आपण कमी करू शकतो?

४. पुढच्या वेळी पाड्यावर गेल्यावर देण्याआधी आपण कोणता प्रश्न विचारू?

प्रार्थना करताना किरिबासच्या मंडळ्यांची आठवण ठेवा. तिथले बहुतेक लोक आपल्यासारखेच ख्रिस्ती आहेत, आणि रविवारी उपासनेला बसतात तेव्हा समुद्राचा आवाज त्यांना ऐकू येत असतो.