टीबी गेला, मशीन आलं

१. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर मला कॅनामायसिनची इंजेक्शनं दिली. टीबी गेला, पण जाताना कान घेऊन गेला. आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी या औषधाने मरतात आणि माणसात त्या पुन्हा येत नाहीत. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध टीबीसाठी वापरू नका म्हणून सांगितलं. माझा कोर्स त्याआधीचा. राग येतो, पण जगले तीही त्याच सुयांवर.

२. आधी बारीक आवाज जातात: चिमण्या, मोबाइलची टिकटिक, ‘स’ आणि ‘फ’. जाड आवाज येत राहतात, म्हणून घरच्यांना वाटतं, हिला सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, त्यांनाही दाखवा. त्यातली घसरत गेलेली रेघ पाहिल्यावर सासूबाईंचे टोमणे थांबले.

३. अशा कानाची तऱ्हा न्यारी. हळू बोललेलं पोचतच नाही आणि जरा आवाज चढवला की एकदम टोचतं. मी आधी “काय?” म्हणते, मग “ओरडताय कशाला?” दोन्ही खरं असतं! समोर येऊन, सावकाश बोललेलं मात्र कळतं. ऐकण्याच्या मशीनमध्ये मोठ्या आवाजाला मर्यादा घालता येते. कुकरची शिट्टी टोचते की ताटांचा खणखणाट, ते ऑडिऑलॉजिस्टला नेमकं सांगा. नुसतं “त्रास होतो” म्हटलं तर ती बिचारी काय बदलणार?

४. मशीनची सवय शांत घरात, एकाच माणसाशी बोलत करावी. लग्नाचा हॉल पुढचा. लोकलमध्ये मी अजूनही गप्पांच्या भानगडीत पडत नाही.

५. मशीनच्या सेलचा स्टिकर काढल्यावर सेल मिनिटभर हवेत ठेवा, मग बसवा. पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत.

६. मशीन शिट्टी मारायला लागलं तर बहुधा कानात बसणारा मोल्ड सैल झालेला असतो किंवा कानात मळ असतो. मशीन बिघडलं म्हणून घाबरू नका.

७. खर्चाची धास्ती असेल तर मुंबईकरांनी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जावं. केंद्राच्या एडिप योजनेत कमी उत्पन्नाच्या लोकांना मशीन मिळतं.

८. अ‍ॅमिकॅसिन हे कॅनामायसिनच्याच जातीचं इंजेक्शन अजूनही काही रुग्णांना देतात. तुम्हाला सांगितलं तर पहिल्या सुईआधीच ऑडिओग्राम करून घ्या, पुढेही करत राहा. कानात सूं सुरू झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. इंजेक्शनं संपल्यावरही ऐकणं घटू शकतं, तेव्हा तपासणी लगेच सोडू नका.