सुट्टी पाच तारखेला की आठ?

२०२५ साली ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवारी, ५ सप्टेंबरला छापलेली होती. दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी. शासनाने मुंबई शहर आणि उपनगरांसाठी ती सुट्टी सोमवारी, ८ तारखेला नेली. आदल्या वर्षीही १६ सप्टेंबरची सुट्टी अशीच १८ला गेली होती. काळाचौकीत, लालबागच्या गर्दीला खेटून असलेल्या आमच्यासारख्या ऑफिसात असा बदल झाला की माल कधी उतरवायचा, रजा कोणाला द्यायची, सगळंच पुन्हा ठरवावं लागतं. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनाने गोल केला जातो, पण तो त्या भिंतीसमोर बसणाऱ्यालाच दिसतो. म्हणून विभागाचं एक सामाईक कॅलेंडर हवं. गूगल कॅलेंडरवर ते पैसे न देता होतं आणि एका दुपारचं काम आहे.

सुरुवात खात्यापासून करा. कॅलेंडर कोणाच्याही खासगी जीमेलवर काढू नका. विभागाच्या नावाचं वेगळं खातं उघडा आणि त्याचा पासवर्ड दोघांकडे ठेवा. माझ्या आधीच्या एका नोकरीत विभागाचं कॅलेंडर एका सहकाऱ्याच्या स्वतःच्या खात्यावर होतं. ते नोकरी सोडून गेले, खातं बंद झालं, आणि ऐन मार्चमध्ये आमच्या सगळ्या नोंदी नाहीशा झाल्या. आठवडाभर आम्ही जुने मेल उकरत बसलो होतो.

नवं कॅलेंडर कॉम्प्युटरवर तयार करा. डाव्या बाजूला ‘अदर कॅलेंडर्स’पुढचं अधिकचं चिन्ह दाबा, ‘क्रिएट न्यू कॅलेंडर’ निवडा, ‘हिशोब विभाग’ असं सरळ नाव द्या. मग त्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन एकेकाचा ईमेल जोडा. इथे घाई नको, कारण प्रत्येकाला कोणता अधिकार द्यायचा ते इथेच ठरतं. नोंद करण्याचा आणि बदलण्याचा अधिकार दोघा-तिघांना पुरे. बाकीच्यांना सगळा तपशील नुसता पाहता आला म्हणजे झालं. सर्वांसाठी खुलं करण्याच्या खुणेला हात लावू नका, नाहीतर विभागातलं कोण कधी रजेवर आहे ते बाहेरचा कोणीही वाचेल. ज्यांना जोडलं त्यांनी आलेल्या मेलमधली लिंक दाबायलाच हवी. तोवर त्यांना काही दिसत नाही. ‘मॅडम, माझ्याकडे आलंच नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता नोंदी. आधी न हलणाऱ्या तारखा भरा. टीडीएस भरायची मुदत महिन्याच्या ७ तारखेची (मार्चचा मात्र ३० एप्रिलपर्यंत), पीएफ आणि ईएसआयसी १५, दरमहा विवरण भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ११ला आणि ३बी २०ला. या दरमहा पुन्हा येतील अशा लावा, पण मुदतीच्या दिवशी लावू नका. टीडीएसची नोंद ५ तारखेला टाका आणि मथळ्यात ‘मुदत ७’ लिहा. त्या दिवशी रविवार निघाला किंवा बँकेची साइट रखडली तरी दोन दिवस हातात राहतात. दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद. तेही भरून ठेवा.

सणांना मात्र ‘दरवर्षी पुन्हा’ कधीच लावू नका. गणेश चतुर्थी २०२५ला २७ ऑगस्टला होती, २०२६ला अधिक मासामुळे १४ सप्टेंबरला. तिथी इंग्रजी तारखेला बांधलेली नसते. डिसेंबरात नवं कालनिर्णय आणि शासनाची सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवून एकेक नोंद हाताने करा. गणपतीचे दिवस आमच्याकडे नुसती सुट्टी म्हणून लिहून भागत नाही. रस्ते बंद असतात, टेम्पो आत येत नाही, कॉटन ग्रीनहून चालत यायलाही वेळ लागतो. म्हणून त्या सगळ्या दिवसांवर ‘माल उतरवणे नाही’ अशी एकच लांब पट्टी ओढतो.

मोबाईलवरून नोंद करताना सगळ्यांची हमखास एक चूक होते: नोंद आपल्या स्वतःच्या कॅलेंडरवर जाते. सेव्ह करण्याआधी विभागाचं नाव निवडलंय का, ते बघा. आठवणीची घंटाही ज्याची त्याने आपल्या फोनवर लावायची असते. तुम्ही लावलेली इतरांकडे वाजत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाशेजारी बसून ती लावून द्या.

रजेच्या नोंदीत ‘रजा’ आणि नाव एवढंच लिहा. कोणाच्या आईचं ऑपरेशन, कोणाची तपासणी, हे दहा जणांनी वाचायचं कारण नाही. सांगायचं असेल तर तो माणूस स्वतः सांगेल.

आणि महिन्याच्या पहिल्या दिवशी त्या महिन्याचं पान छापून कालनिर्णयाखाली लावा. आमचे हमालकाका स्मार्टफोन वापरत नाहीत, पण ट्रक कधी येणार नाही हे सगळ्यांत आधी त्यांनाच कळायला हवं.