तपासण्या निर्दोष, तरीही पोट दुखते : आयबीएसचे रुग्ण व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात कार्याच्या व जमाखर्चाच्या तपशिलाबरोबर एखाद्या आजाराची माहिती सोप्या भाषेत द्यावी, असा आमचा प्रघात आहे. यंदा आम्ही निवडलेल्या विकाराने कोणी दगावत नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागत नाही आणि अतिदक्षता विभागातील खाटही अडत नाही. तरीही आमच्या बाह्यरुग्ण विभागात पोटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेकांचे स्वास्थ्य या विकाराने वर्षानुवर्षे हिरावून घेतलेले आम्ही पाहतो. ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’, अर्थात ‘आयबीएस’ हे त्याचे नाव. आतडे अतिसंवेदनशील होणे, असा त्याचा अर्थ मराठीत सांगता येईल.

एक अनुभव

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तपशिलात थोडा बदल करून एक अनुभव येथे देत आहोत. चाळिशीतील एक गृहस्थ पत्नीसह आमच्याकडे आले. हातातील कापडी पिशवीत तीन वर्षांचे अहवाल होते. रक्ताच्या व मलाच्या तपासण्या, तीन वेळा केलेली सोनोग्राफी आणि दोन वेळा दुर्बिणीतून केलेली मोठ्या आतड्याची तपासणी, असे सारे काही त्यात होते आणि सारे निर्दोष होते. सकाळी कामावर निघण्याच्या वेळी पोटात मुरडा येई, तीन-चार वेळा शौचास जावे लागे, त्यानंतर थोडे बरे वाटे. पण पोट साफ झाल्याचे समाधान मात्र नसे. एसटीने प्रवास करणे त्यांनी सोडून दिले होते. लग्नकार्यास गेले तरी ते जेवत नसत. कामावरील एक सहकारी आतड्याच्या कर्करोगाने गेल्यापासून ‘मलाही तेच झाले आहे, फक्त ते अजून कोणाला सापडलेले नाही’ ही शंका त्यांच्या मनात ठाण मांडून बसली होती. दुसऱ्या दुर्बीण तपासणीसाठी त्यांनी पतपेढीतून कर्ज काढले होते.

त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टर, एकदा काहीतरी सापडू दे. म्हणजे औषध तरी सुरू होईल.”

घरच्या माणसाला आजार सापडावा, असे म्हणण्याची पाळी एखाद्या कुटुंबावर यावी, यात त्या कुटुंबाचा दोष नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत. तुम्हाला काहीही झालेले नाही. टेन्शन घेऊ नका.’ एवढेच त्यांना प्रत्येक ठिकाणी सांगण्यात आले होते. यातील पहिले वाक्य खरे होते, दुसरे चुकीचे होते आणि तिसरे पाळता येण्याजोगे नव्हते.

विकाराचे स्वरूप

आयबीएसमध्ये आतड्यास जखम, सूज किंवा गाठ नसते. म्हणूनच दुर्बिणीतून ते निरोगी दिसते. बिघाड असतो तो आतड्याच्या हालचालीत आणि आतडे व मेंदू यांच्यातील संदेशांच्या देवाणघेवाणीत. रेडिओचा बाह्य साचा शाबूत असावा, पण आवाजाची कळ नको तितकी वर सरकलेली असावी, तसा हा प्रकार आहे. इतरांना जाणवणारही नाही एवढ्या वायूने या रुग्णांना वेदना होतात.

या विकाराच्या निदानासाठी २०१६ साली ठरलेले ‘रोम ४’ निकष जगभर वापरले जातात. त्यांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखत असावे आणि पुढील तीनपैकी किमान दोन गोष्टी असाव्यात : वेदनेचा शौचाशी संबंध, शौचाच्या वारंवारतेत बदल आणि मलाच्या स्वरूपात बदल. तक्रारींची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वी झालेली असावी. काहींना जुलाबाचा त्रास अधिक, काहींना बद्धकोष्ठाचा, तर काहींना दोन्ही आलटून पालटून होतात. जंतुसंसर्गाने झालेल्या जुलाबानंतर सुमारे दहातील एका रुग्णास पुढे हा विकार जडतो, असेही आढळले आहे.

हा विकार दुर्मीळ नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत महाजालावरील प्रश्नावली भरणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे ४ टक्के व्यक्ती या निकषांत बसल्या. भारतातील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या कृतिगटाने २००८ साली २,७८५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य देशांत स्त्री-रुग्णांचे प्रमाण अधिक दिसते, तर या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण पुरुष होते. आपल्याकडील स्त्रिया अशा तक्रारी बोलून दाखवत नाहीत व रुग्णालयापर्यंत कमी पोहोचतात, हेही त्याचे एक कारण असू शकेल. म्हणून घरातील स्त्रीने ‘पोट बरे नाही’ असे म्हटले, तर त्याकडे दुर्लक्ष होऊ नये.

पोट आणि मन

भीतीने पोटात गोळा उठतो, वाईट बातमी ऐकून पोटात धस्स होते, परीक्षेच्या दिवशी पोटात कालवाकालव होते. आपल्या भाषेने हे नाते फार पूर्वीच ओळखले आहे. वैद्यकशास्त्राला त्याचे प्रत्यक्ष दर्शन घडले ते एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणास पोटात गोळी लागली. तो वाचला, परंतु जठरापर्यंत जाणारे छिद्र कायम राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून अनेक वर्षे पचनक्रियेचे निरीक्षण केले व १८३३ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. रुग्ण रागावला की जठरातील स्थितीत बदल होतो, ही नोंदही त्यात आहे.

आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे स्वतःचे जाळे असते व त्यांची संख्या दहा कोटींहून अधिक आहे. मेंदूशी त्यांचा संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. चिंतेने आतड्याची हालचाल बदलते, वेदना तीव्र होते. वेदनेने चिंता वाढते. वाढलेली चिंता पुन्हा आतड्यावर परिणाम करते. ‘हे सारे मनाचे खेळ आहेत’ हे म्हणणे म्हणूनच चूक आहे. वेदना खरी असते व ती पोटातच होत असते. चिंता त्या वेदनेला खतपाणी घालते, एवढाच याचा अर्थ आहे.

तपासण्या किती व केव्हा?

पुढील लक्षणांपैकी एकही असेल, तर ‘आयबीएस असेल’ असे स्वतःच ठरवू नये आणि तपासणी लांबणीवर टाकू नये : शौचावाटे रक्त जाणे, कारणाशिवाय वजन घटणे, रक्तक्षय, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पोटात हाताला लागणारी गाठ, पन्नाशीच्या सुमारास किंवा त्यानंतर प्रथमच सुरू झालेल्या तक्रारी, अथवा जवळच्या नात्यात आतड्याचा कर्करोग असणे. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोगही ध्यानात ठेवावा लागतो.

अशी लक्षणे नसतील, तर रक्ताच्या व मलाच्या मोजक्या तपासण्या बहुधा पुरेशा ठरतात. आयबीएसचे रूपांतर कर्करोगात होत नाही, हे आम्ही प्रत्येक रुग्णास स्पष्ट शब्दांत सांगतो. निर्दोष ठरलेली तपासणी धीर वाटावा म्हणून पुन्हा करून घेतली, तर तो धीर फार काळ टिकत नाही. शंका मात्र परत येते आणि खर्च अंगावर पडतो. तक्रारीचे स्वरूप बदलले किंवा वरीलपैकी नवे लक्षण दिसले, तर मात्र पुन्हा तपासणी अवश्य करावी.

आहार व औषधे

जेवणाच्या वेळा नियमित असाव्यात. दिवसभर उपवास व रात्री एकदम भरपेट जेवण, हा क्रम अनेकांना बाधतो. चहा-कॉफी दिवसाकाठी तीन कपांपर्यंत ठेवावी. तळलेले व फार तिखट पदार्थ कमी करावेत. जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल स्वाभाविकपणे वाढते. म्हणून सकाळची न्याहारी थोडी लवकर घ्यावी, म्हणजे शौचाची भावना घरीच होऊन जाते व प्रवासात धाकधूक राहत नाही. बद्धकोष्ठ असल्यास इसबगोलाने लाभ होतो. ते थोड्या प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवावे व सोबत भरपूर पाणी प्यावे. गव्हाच्या कोंड्याने मात्र पोटफुगी वाढू शकते.

काही शर्करायुक्त घटक लहान आतड्यात नीट शोषले जात नाहीत व पुढे आंबून वायू निर्माण करतात. कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध, सफरचंद व आंबा यांत ते अधिक असतात. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी असे पदार्थ वगळण्याची ‘लो फॉडमॅप’ ही आहारपद्धती विकसित केली. भात, ज्वारी व नाचणी त्यात चालतात. परंतु हे पथ्य आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली चार ते सहा आठवडेच करावयाचे असते. त्यानंतर एकेक पदार्थ पुन्हा घेऊन आपल्याला नेमके काय बाधते, ते शोधायचे असते. कायम सर्वच वर्ज्य केल्यास कुपोषण होते आणि जेवणाचे ताट पाहूनही भीती वाटू लागते.

मुरड्यासाठी, जुलाबासाठी व बद्धकोष्ठासाठी वेगवेगळी औषधे उपलब्ध आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. काही रुग्णांना अल्प मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन दिले जाते. हे औषध मूळचे नैराश्यासाठीचे असल्याने कुटुंबीय घाबरतात. आयबीएसमध्ये ते आतड्याच्या चेतातंतूंची संवेदना कमी करण्यासाठी दिलेले असते. ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दररोज १० ते ३० मिलिग्रॅम मात्रेचा उपयोग दिसून आला.

चिंतेवरील उपाय

प्रथम दोन आठवडे एक साधी नोंदवही ठेवावी. काय खाल्ले, केव्हा दुखले, त्या वेळी मनात काय चालले होते, एवढेच लिहावे. अनेकांना आपले दुखणे विशिष्ट पदार्थापेक्षा विशिष्ट प्रसंगाशी निगडित असल्याचे त्यातून उमगते. कळ सुरू झाली की पोटाने सावकाश श्वास घ्यावा व त्याहूनही सावकाश सोडावा. भीतीपोटी टाळलेल्या गोष्टी पायरीपायरीने पुन्हा सुरू कराव्यात. प्रथम दोन थांब्यांचा प्रवास, नंतर पाच थांब्यांचा. समुपदेशकांच्या साहाय्याने विचार व वर्तन बदलण्याची उपचारपद्धतीही गुणकारी आहे. ब्रिटनमधील ५५८ रुग्णांच्या चाचणीत (२०१९) दूरध्वनीवरून व महाजालावरून ती दिली, तरी लाभ झाला. योगाभ्यासाबाबत जर्मनीतील ५९ रुग्णांच्या अभ्यासात (२०१८) योग व वर सांगितलेली आहारपद्धती यांच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गटांना बरे वाटले.

कुटुंबीयांनी ‘पुन्हा दुखतंय का?’ असे दर तासाला विचारू नये आणि ‘नाटक आहे’ असेही म्हणू नये. स्वच्छतागृहात वेळ लागला म्हणून थट्टा करू नये. माणूस घराबाहेर पडू लागला, तर त्यास सोबत करावी.

ऐकून घेण्याचे मोल

अहवालाच्या वाचकांपुढे आम्ही एक अभ्यास आवर्जून ठेवू इच्छितो. अमेरिकेतील बोस्टन येथे आयबीएसच्या २६२ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या गटास केवळ प्रतीक्षायादीत ठेवले. दुसऱ्यास बनावट ॲक्युपंक्चर दिले, ज्यात सुया त्वचेत शिरतच नव्हत्या, आणि संभाषण जेमतेम पाच मिनिटांचे होते. तिसऱ्यास तेच बनावट उपचार दिले, परंतु आरंभी पाऊण तास आस्थेने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे २८, ४४ व ६२ टक्के होते. दुसऱ्या व तिसऱ्या गटांत फरक होता, तो केवळ आपुलकीने दिलेल्या वेळेचा.

देणगीतून घेतलेल्या यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. पाऊण तासाच्या संभाषणावर ती लावता येत नाही. परंतु गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णास तेवढा वेळ द्यावयाचा, तर त्या वेळेत इतरांना तपासणारा दुसरा डॉक्टर लागतो, समुपदेशक व आहारतज्ज्ञ लागतात. त्यांचे वेतन हाही औषधोपचाराचाच खर्च आहे आणि त्यामुळे गरीब रुग्णाचा अनावश्यक तपासण्यांवरील खर्च वाचतो. विश्वस्त व दानशूर हितचिंतकांनी याचा सहानुभूतीने विचार करावा, ही नम्र विनंती.

प्रारंभी उल्लेखिलेल्या गृहस्थांशी पहिल्या दिवशी आम्ही बराच वेळ बोललो. ‘तुम्हाला आजार आहे, त्याचे नाव हे, तो घातक नाही आणि त्यावर उपाय आहेत,’ असे सांगितल्यावर त्यांच्या पत्नी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सात-आठ महिन्यांत दुखणे निम्म्यावर आले. ते पूर्ण थांबलेले नाही. मध्यंतरी ते एसटीने बहिणीच्या गावी जाऊन आले. वाटेत पोट दुखले का, असे आम्ही विचारले. “दुखले,” ते म्हणाले, “पण मी उतरलो नाही.” अहवालांची ती पिशवी त्यांनी यंदा घरीच ठेवली होती.