चंदेरी कागदाची टोपी

गेल्या स्नेहसंमेलनातील एका प्रहसनात एक पात्र डोक्यावर चंदेरी कागदाची निमुळती टोपी घालून रंगमंचावर आले आणि तोंड उघडण्यापूर्वीच त्याने सभागृह हसविले. ‘कोणीतरी लहरी सोडून माझे विचार चोरीत आहे,’ हे त्याचे वाक्य मागाहून आले. आम्हीही हसलो. घरी परतताना मात्र मनात आले, की ही टोपी मुळात आली कोठून?

इंग्रजीत तिला अद्यापि कथिलाच्या वर्खाची टोपी म्हणतात. वास्तविक कथिलाची जागा ॲल्युमिनियमने केव्हाच घेतली. नाव तेवढे उरले. तिचा एक जुना उल्लेख ज्यूलियन हक्स्ली यांच्या १९२६ सालच्या एका विज्ञानकथेत आढळतो. पुढे युनेस्कोचे पहिले महासंचालक झालेले जीवशास्त्रज्ञ ते हेच. दुसऱ्याच्या मनावर दुरून ताबा मिळविणाऱ्या शक्तीपासून बचाव व्हावा म्हणून त्या कथेतील माणसे धातूच्या वर्खाच्या टोप्या घालतात. हक्स्लींनी गंमत म्हणून लिहिले; पुढे असा भयगंड बाळगणाऱ्यांच्या थट्टेचे ते चिन्हच होऊन बसले.

कल्पनेत शास्त्राचा अंश अगदीच नाही असे नव्हे. १८३६ साली मायकेल फॅरेडे यांनी धातूने मढविलेल्या खोलीत बसून दाखविले, की बाहेर विजेचा कितीही भार असला तरी आत त्याचा परिणाम पोचत नाही. आम्ही वर्गात ट्रान्झिस्टर चंदेरी कागदात पूर्ण गुंडाळला, तेव्हा गाणे बंद पडले. तोच कागद त्याच्यावर टोपीसारखा ठेवला, तेव्हा गाणे चालूच राहिले. टोपी खालून उघडी असते, हे विसरून कसे चालेल? २००५ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी थट्टेथट्टेत महागडी उपकरणे लावून अशा टोप्या तपासल्या. काही लहरी टोपीमुळे क्षीण होण्याऐवजी अधिक प्रबळ होतात, असे त्यांना आढळले!

परंतु टोपी अलीकडची. भीती तिच्याहून फार जुनी. लंडनचा जेम्स टिली मॅथ्यूज हा चहाचा व्यापारी १७९७ साली बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाला. जवळच्या एका तळघरात एक टोळी ‘हवेचा माग’ नावाचे यंत्र चालविते आणि त्यातून सुटणाऱ्या अदृश्य प्रवाहांनी आपल्याला छळते, अशी त्याची खात्री होती. पतंग आकाशात तरंगत ठेवावा तशी एखादी कल्पना ही माणसे आपल्या डोक्यात तासन् तास तरंगत ठेवतात, असे तो सांगे. टोळीतील एकाचे नाव ‘जॅक मास्तर’. सर्व हकीकत टिपून ठेवणे हे त्याचे काम. (आमच्या व्यवसायबंधूंनी रागावू नये.) तो काळ चुंबक, वायू आणि यंत्रमाग यांच्या नवलाईचा होता, म्हणून त्याच्या भयानेही तेच रूप घेतले. पुढे रेडिओ आला, उपग्रह आले, आणि भयाने नवी वस्त्रे चढविली. आमच्या आजीच्या तोंडी मूठ मारल्याच्या गोष्टी असत, सीमाभागात भानामतीच्या. तेथे यंत्राचे काम मंत्र करी, इतकाच फरक.

येथे हसणाऱ्याने किंचित थांबावे, असे एक प्रकरण आहे. अमेरिकेच्या सी. आय. ए. या गुप्तहेर संघटनेने १९५३ पासून ‘एमके-अल्ट्रा’ या नावाखाली मनावर ताबा मिळविण्याचे प्रयोग खरोखरच केले, आणि काही माणसांना त्यांच्या नकळत एल. एस. डी. हे भ्रम उत्पन्न करणारे द्रव्य दिले. १९७३ साली बहुतेक कागदपत्रे नष्ट करण्यात आली. १९७५ मध्ये बरेचसे उघडकीस आले. ज्यांना कोणी वेडे ठरविले नव्हते, अशा सुशिक्षित अधिकाऱ्यांचे हे काम होते. लहरी सोडणारे यंत्र तेवढे त्यांना साधले नाही.

मॅथ्यूजची कथा अद्याप संपलेली नाही. त्याला सोडवावे म्हणून आप्तांनी खटपट केली. दोन डॉक्टरांनी तो शहाणा असल्याचे सांगितले. तेव्हा इस्पितळाचे जॉन हॅस्लम यांनी १८१० साली त्याच्यावर पुस्तकच लिहिले, आणि त्यात त्याने काढलेले यंत्राचे चित्र छापून त्याचे वेड सिद्ध केले. आता मौज अशी, की याच रुग्णाने नव्या बेथलेम इस्पितळाच्या इमारतीचे नकाशे काढले होते, आणि चालकांनी त्याबद्दल त्याला तीस पौंडांचे बक्षीस दिले होते. १८१५ साली तो वारला. त्याच वर्षी पार्लमेंटच्या समितीने इस्पितळाची चौकशी आरंभिली. आपल्याला कसे वागविले जाई, हे मॅथ्यूजने लिहून ठेवले होते. ते तिच्यापुढे आले, आणि १८१६ मध्ये हॅस्लम यांना नोकरीवरून काढण्यात आले.