जॉयस्टिक घ्यावी की की-बोर्डच बरा?
मेसचं बिल थकवून जॉयस्टिक घेणार असाल तर आधी हे वाचा. फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये (२००६) नमपॅडवर ४ किंवा ६ दाबलं की एलेरॉन एक पायरी हलतो आणि तिथंच राहतो. मध्यावर आणायला ५ दाबा. बऱ्याच जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. दांडा जितका कलेल तितकाच एलेरॉन, सोडला की स्प्रिंग मध्यावर आणते. सेस्ना १७२ नुसतं सरळ उडवताना काही अडत नाही. उतरताना मात्र शेवटच्या वीसेक फुटांत नाक हळूच उचलायचं असतं, तिथे या पायऱ्या नडतात.

फुकटच्या फ्लाइटगिअरमध्ये माउसनेही विमान चालतं. मी म्हणेन, महिनाभर त्यावरच उतरायला शिका. मग घ्यायचीच तर दांडा पिळून रडर फिरणारी घ्या. सेकंडहँड असेल तर हात न लावता कॅलिब्रेशनमधलं रीडिंग थरथरतंय का ते बघा. बहुधा पॉट झिजलेला असतो.