पाकीट संपतं, भूक नाही

"ताई, मला व्यसन लागलंय बहुतेक," असं तू म्हणालीस तेव्हा क्षणभर माझ्या पोटात गोळाच आला. मग कळलं, वेफर्सबद्दल बोलतेयस. नाही गं, हसत नाहीये मी. दिवसभर ऑफिस, मग लोकलमधली चेंगराचेंगरी, स्टेशनबाहेर भुईगावच्या बसची वाट. तिथेच तू पाकीट फोडतेस आणि घर यायच्या आत ते रिकामं. मग कुकर लावता लावता स्वतःलाच बोल लावतेस, मी हावरट, मी मनाची कच्ची. आणि जेवायला बसलीस की भूक नसते, रात्री अकराला मात्र परत डबा उघडावासा वाटतो.

खरं सांगू का, यात मनाचा संबंध फार थोडा आहे. तुझं मन कच्चं असतं तर दोन पोरं, सासू-सासरे आणि नोकरी हे सगळं तू ओढलंच नसतंस.

आधी मिठाचं बघू. तू म्हणतेस, मला खारटाचं वेड आहे. मग मला सांग, भाईंदर सोडून गाडी खाडीकडे निघाली की खिडकीतून मिठागरं दिसतात, तेव्हा कधी तोंडाला पाणी सुटलं का? ओट्यावर मिठाची बरणी उघडी असते, येता-जाता कुणी चमचाभर मीठ तोंडात टाकतं का? नाही ना! मीठ शरीराला लागतं हे खरं. नसांना, स्नायूंना सोडियम हवंच, म्हणून जिभेला मीठ ओळखायची सोयही जन्मजात आहे. पण नुसतं मीठ कुणी वेड्यासारखं खात नाही. वेड लागतं ते मीठ, तेल आणि पिठूळपणा एकत्र आले की. बटाटा पिठूळ, तळला की तेलकट, वर मिठाची भुरभुर. असं तिन्ही एकत्र कुठल्या वाडीत उगवत नाही बघ. आंबा गोड असतो पण तेलकट नसतो, शेंगदाणा तेलकट असतो पण खारट नसतो. हे मिश्रण माणसानंच केलं, आणि आपल्या जिभेला त्याच्यापुढे थांबायची सवय नाही. त्यातून मीठ कडवटपणा दाबतं आणि बाकीच्या चवी वर काढतं, म्हणजे साध्या तळलेल्या पिठालासुद्धा भाव येतो.

पण एवढ्यावर गोष्ट संपत नाही. मला यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट वाटते ती आपल्याच वसईतली आहे, केळ्याची.

सुकेळी आठवतात? राजेळी केळी पिकवून, सोलून, कित्येक दिवस उन्हात वाळवलेली, तपकिरी, चिवट, मधासारखी गोड. आगाशीकडची सुकेळी कुणी आणली की घरात सगळ्यांच्या उड्या पडायच्या. तरी आठवून बघ, एका वेळी किती खाल्लीस? एक, फार तर दोन. तिसऱ्याला हात गेला तरी तोंड नको म्हणतं. आता दुसरीकडे केळ्याचे वेफर्स घे. कच्चं केळं, किसणीवरून थेट कढईत, वरून मिठाच्या पाण्याचा शिपका, चुर्रर्र! पाव किलोची पिशवी दोघींच्या गप्पांत कधी संपली ते कळतसुद्धा नाही. केळंच ते, आणि खाणारीही तूच. सुकेळ्यापाशी तुझं मन पक्कं आणि वेफर्सपाशी कच्चं, असं कसं होईल?

फरक चावण्यात आहे गं. सुकेळं तुला राबवतं. दातांना चिकटतं, जबडा दुखवतं, एक तुकडा गिळायला मिनिट लागतं. वेफर पातळ, पाणी उडून गेलेला, तोंडात टाकला की चुरा. आणि पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. हा निरोप म्हणजे आपली विरार स्लो आहे बघ, येते नक्की, पण प्रत्येक सिग्नलला थांबून. ती येईपर्यंत पाकिटाच्या तळाशी मिठाचे कण उरलेले असतात आणि तू बोट चाटत असतेस.

हे माझं घरगुती शहाणपण नाही हं. १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला सुझॅना होल्ट आणि तिच्या सहकाऱ्यांनी लोकांना वेगवेगळे पदार्थ सारख्याच कॅलरींचे खायला दिले आणि पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं ते विचारत राहिले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. उकडलेल्या बटाट्याला मिळाले ३२३, सगळ्यांत जास्त! आणि त्याच बटाट्याच्या वेफर्सना ९१, म्हणजे पावापेक्षाही कमी. आपण बटाट्याला उगाच जाडं करणारा म्हणून नावं ठेवतो.

आणखी एक ऐक, कारण मला वाटतं मुद्द्याची गोष्ट हीच आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल नावाच्या संशोधकानं २० माणसांना महिनाभर संस्थेतच राहायला ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं, दोन आठवडे साधं घरच्यासारखं, आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. समोर मांडलेल्या ताटांत मीठ, साखर, चरबी, तंतू दोन्हीकडे जवळपास सारखे ठेवले होते. तरी कारखान्याच्या खाण्यावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि खात होती भराभर. मीठ तेवढंच, तरी खाणं वाढलं! म्हणून मी म्हणते, मिठाला एकट्याला फासावर देऊ नकोस. मीठ तुला दारापर्यंत बोलावतं, आत ओढून नेतो तो मऊपणा, चुरचुरीतपणा, न चावता गिळता येणं.

चुरचुरीतपणाचीही गंमत आहे. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्सनं लोकांना वेफर्स खायला लावून त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून मोठा करून ऐकवला. आवाज वाढला की वेफर ताजा आणि जास्त कुरकुरीत वाटायचा. या संशोधनाला २००८ मध्ये इग नोबेल, म्हणजे हसवून मग विचार करायला लावणारं ते बक्षीस, मिळालं. म्हणजे कान, जीभ, दात सगळे एका बाजूला आणि तुझा बिचारा निश्चय एकटा दुसऱ्या बाजूला. आणि वेफर्सच्या एका जाहिरातीत तर उघडच सांगत होते, एकावर थांबून दाखवा म्हणून. कंपनी पैज लावते आणि हरलो की लाज आपल्याला वाटते, हा कुठला न्याय?

आता व्यसन म्हणायचं का? तज्ज्ञांचं अजून एकमत नाही. येल विद्यापीठातून २००९ मध्ये खाण्याच्या व्यसनाची प्रश्नावली आली, पण मानसोपचाराच्या पुस्तकांत हा स्वतंत्र आजार म्हणून धरलेला नाही. वाद चालू दे त्यांचा. मला तुझ्याकडून एवढंच कळायला हवं: लपून खातेस का, खाल्ल्यावर दिवसभर स्वतःचा राग राग करतेस का, पोट दुखेस्तोवर थांबताच येत नाही का? तसं असेल तर डॉक्टरांना सांग, लाजू नकोस. आणि खारटाची ओढ अचानक लागली असेल, सोबत सतत थकवा, चक्कर, वजन उतरणं असं काही असेल, तरीही दाखवून ये. पण मला वाटतं तुझं तसं काही नाही. दुपारी एकला डबा खातेस, मग सात वाजेपर्यंत चहावर राहतेस. भूक लागते गं बाई! भुकेल्या माणसासमोर पाकीट ठेवून निश्चयाच्या गोष्टी करायच्या नसतात.

तेव्हा पहिलं काम, साडेचार-पाचला ऑफिसातच काहीतरी खा. मूठभर चणे-दाणे, एखादं वेलची केळं, उरलेली पोळी गूळ लावून, काहीही. बसस्टॉपवर तू भुकेली पोचली नाहीस की निम्मी लढाई तिथेच संपते.

दुसरं, खारट सोडू नकोस, सावकाश खायचं खारट शोध. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा सालीसकट घे. प्रत्येक शेंग फोडायची, दाणे काढायचे, टरफल बाजूला टाकायचं, एवढ्यात ती स्लो लोकल येतेच. भाजलेलं कणीस, तिखट-मीठ लावलेला पेरू, काकडी. पेरूवर मीठ आहे, तिखट आहे, तरी तिसरा पेरू कुणी मागत नाही. मोड आलेल्या मुगावर लिंबू पिळलंस तर मीठ कमी चालतं, आंबटपणा भरून काढतो.

तिसरं, पाकिटातून खायचं नाही. खायचेच असतील तर वाटीत काढ, पाकिटाला रबर लाव, ठेवून दे आणि मग बस. डबा नजरेआड ठेव म्हणतात, तेही खरं, पण मी तो उत्साहात माळ्यावर चढवला होता. फायदा एवढाच झाला की रोज स्टूलवर चढायचा व्यायाम घडला. त्यामुळे माझं ऐकशील तर मोठं पाकीट घरी आणूच नकोस. स्वस्त पडतं म्हणून आपण आणतो आणि स्वस्त पडतं म्हणूनच संपवतो.

पोरांचं काय, ही तुझी खरी काळजी आहे, मला ठाऊक आहे. शाळा सुटल्यावर दुकानात बोटाएवढ्या पिवळ्या नळ्या लटकलेल्या असतात, पाच रुपयांत. बंदी घालू नकोस गं. अमेरिकेत मुलांवर झालेल्या एका प्रयोगात, जो खाऊ बरणीत ठेवून 'आत्ता नाही' म्हटलं त्याच खाऊसाठी मुलं जास्त हट्ट करायला लागली. तुझ्या धाकटीला पाहिलंय मी, ती तर बंदी घातली की शेजारच्या घरी जाऊन खाईल. त्यापेक्षा ठरव, शनिवारी समुद्रावर गेलो की एक पाकीट, सगळ्यांत वाटून, सुरूंच्या सावलीत बसून. एरवी घरात ते नसतंच, म्हणून मागायचा प्रश्नच नाही. पोरं नियमाला रडत नाहीत, आपण रोज नियम बदलतो त्याला रडतात.

जीभ बदलते, हे मात्र मी तुला छातीठोक सांगते. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी १९८२ मध्ये लोकांना कमी सोडियमच्या जेवणावर ठेवलं, आणि दोन-तीन महिन्यांत त्यांना आधीचंच मीठ जास्त वाटायला लागलं. पहिले काही आठवडे आमटी पाणचट लागेल, घरातले नाकं मुरडतील. तू एकदम नको काढूस, दर आठवड्याला चिमूट चिमूट कमी कर आणि कुणाला सांगू नकोस. सांगितलंस की लगेच सगळ्यांना अळणी लागतं.

पाकिटामागचं वाचायला शीक आता. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचा, आणि त्यात आमटी, भाजी, लोणचं, पाव सगळं आलं. पाकिटावर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचनं गुण. समजा १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे, तर मीठ झालं २ ग्रॅम. गंमत म्हणजे वेफरचं मीठ वरच्या वर असतं, थेट जिभेला लागतं, म्हणून तो आहे त्यापेक्षा जास्त खारट वाटतो. पाव, खारी, सॉस यांच्यातलं मीठ आत दडलेलं, ते कळतच नाही. पापड तर विचारूच नकोस, मीठ वेगळं आणि पापडखारातलं सोडियम वेगळं. आणि सैंधव घेतलं की सुटलो असं समजू नकोस, तेही बहुतेक सगळं मीठच असतं, वर त्यात आयोडीन घातलेलं असेल याची खात्री नसते.

सासऱ्यांच्या बीपीसाठी दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्याबद्दल तू विचारलं होतंस. त्यात सोडियमऐवजी थोडं पोटॅशियम असतं. बऱ्याच जणांना ते चालतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम अंगात साठून धोका होऊ शकतो. तेव्हा गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना विचार आणि मगच पुडा फोड. आणि त्यांच्या ताटातल्या पापडावर आज लगेच झडप घालू नकोस बाई. आधी तुझं संध्याकाळचं खाणं जाग्यावर येऊ दे. पापडाचं मी येईन तेव्हा बोलेन त्यांच्याशी, माझं ते ऐकतात.